दाजींचे चार पर्याय

माझ्या नणंदेच्या यजमानांइतका बारावीच्या परीक्षेचा वैरी साऱ्या जालना जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. आणि मी बारावीला केमिस्ट्री शिकवते. म्हणजे आमचं किती जमत असेल ते तुम्हीच समजून घ्या. बरं, पडले घरचे जावई. आमचे हे त्यांना दाजी म्हणतात म्हणून मीही दाजी म्हणते, पोळीवर तुपाची धार धरते, आणि माझ्याच घरात जेवता जेवता ते माझ्या पोटापाण्याच्या परीक्षेला नावं ठेवतात ते ऐकून घेते. "वहिनी, तुमच्या बारावीला आता कुत्रं विचारत न्हाई." दाजी आले आणि हे वाक्य आलं नाही, असं कधी झालं नाही.

दाजींचं मोंढ्यात बी-बियाण्यांचं दुकान आहे. स्वतः बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कंटाळून बाहेर पडलेले. पण एकदा चुलतभावाच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळवून दिला, म्हणजे तो फॉर्म भरत असताना हे शेजारी बसले होते, आणि तेव्हापासून जे अंगात आलं ते आलंच. आष्टीचा शेतकरी कपाशीचं बी न्यायला आला की पिशवी द्यायच्या आधी विचारणार, पोरगं कितवीला हाये? बारावीला म्हटलं की मेला बिचारा. स्टूल पुढे सरकणार, चहा मागवणार आणि मागचं गिऱ्हाईक ताटकळत उभं राहणार. वडीगोद्रीहून तर लोक नुसत्या सल्ल्यासाठी यायचे आणि रिकाम्या हातानं कसं जावं म्हणून बी घेऊन जायचे. सल्ला एकच. पोराचं नाव लांबच्या एखाद्या कॉलेजात घाला, जिथं वर्षभर तोंड दाखवावं लागत न्हाई, आणि पोराला एन्ट्रन्सच्या क्लासला टाका. बारावी काय, पास झालं की बस. कुणी बारावीच्या निकालाचे पेढे घेऊन आलं तर हा गृहस्थ पेढ्याला हात लावायचा नाही. "एन्ट्रन्सचे आणा, मंग खातो," म्हणून डबा परत. आमच्या शेजारणीची मुलगी कॉलेजात पहिली आली तेव्हा तिच्याही तोंडावर हेच. ती बाई पुढे महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही, जणू मीच ते वाक्य लिहून दिलं होतं.

एन्ट्रन्सचं वेड एवढं की दाजी बोलायचेसुद्धा चार पर्यायांत. पाटावर बसता बसता विचारणार, "वहिनी, भाजी कोणती? वांगं, भेंडी, शेवगा, का यापैकी न्हाई?" मी एकदा ठणकावून सांगितलं, यापैकी नाही, कारलं आहे. मला वाटलं चिडतील. उलट खूश झाले, म्हणाले, वहिनींना जमून राह्यलं. दवाखान्यात कुणाला भेटायला गेले तर खाटेशी उभे राहून विचारायचे, कसं वाटतंय, बरं, पहिल्यापेक्षा बरं, होतं तसंच, का यापैकी न्हाई. एका लग्नाच्या बोलणीत मुलाच्या बापापुढेही त्यांनी असेच चार पर्याय ठेवले. तो बाप उठून गेला आणि ते लग्न चौथ्या पर्यायावर मोडलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्यांना एकच मुलगी आणि ती माझी लाडकी भाची. ऋतुजा लहानपणापासून अशी हुशार की गणित वाचून संपायच्या आत उत्तर सांगायची. असल्या पोरीच्या घरात दाजींनी वह्या बंद केल्या. लिहिण्यात टाइम कशाला घालवायचा, चारातला एक पर्याय दाबायचा आणि पुढं जायचं. दोन वर्षांत तिनं पानभर सलग काही लिहिलं असेल तर शपथ. दिवाळीत जेवताना मी सांगून पाहिलं, की दाजी, केंद्राच्या मोठ्या कॉलेजांना बारावीला पंच्याहत्तर टक्के लागतात, कोरोनात ती अट उठवली होती, आता परत आली आहे. दाजी पोट धरून हसले. म्हणाले, वहिनींची नोकरी टिकायला पाहिजे ना. आमचे हे ताटात मान घालून वरण कालवत बसले. अट उठल्याची बातमी दाजींनी स्वतः साऱ्या मोंढ्याला सांगितली होती. ती परत आल्याचं ऐकायला मात्र या शहाण्याला सवड नव्हती.

ऋतुजाला बारावीला बहात्तर टक्के पडले. मी विचारलं तेव्हा कळलं, जिथं पाच ओळी लिहायच्या तिथं तिनं नुसतं उत्तर लिहिलं होतं, आणि लांबलचक लिहायचे प्रश्न सोडूनच दिले होते. दाजींना त्याचं काही नव्हतं. एन्ट्रन्सला तिचा नंबर इतका चांगला आला की केंद्राच्या नागपूरच्या कॉलेजातली सीट पक्की झाली. दाजींनी मोंढ्यात जिलेबी वाटली, माझ्याकडे मुद्दाम पाव किलो जास्त पाठवली. मग कागदपत्रांच्या तपासणीत बारावीची गुणपत्रिका उघडली गेली आणि सीट रद्द झाली. दाजींनी दिसेल त्या नंबरावर फोन लावले. साहेब, पोरीचा नंबर तर बघा, असं ज्याला त्याला विनवत होते. अट ती अट, एवढंच उत्तर. खरं सांगते, इतकी वर्षं या माणसानं मला डिवचलं होतं, असं काही झालं तर आपल्या जिवाला गार वाटेल असं मला वाटायचं. काही गार वाटलं नाही. पोर उशीत तोंड खुपसून पडली होती.

संध्याकाळी दाजी एकटेच आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. पाणी दिलं, ते तसंच हातात. म्हणाले, "वहिनी, पोरीला लिहायला शिकवता का?" पुढे काही नाही. मी उरलेल्या तीन पर्यायांची वाट पाहत होते, ते आलेच नाहीत. उद्यापासून पाठवा, म्हटलं. आपलं चुकलं असं एका शब्दानं म्हणतील तर ते दाजी कसले, तसेच उठून गेले.

ऋतुजानं पुन्हा बारावीला बसायचं ठरवलं. माझ्या जेवणाच्या टेबलावर ती लिहायला बसायची. पहिल्या दिवशी अख्खा प्रश्न एका ओळीत संपवला. म्हणाली, मामी, कळतंच की. मी म्हटलं, तुला कळतं गं बाई, पेपर तपासणाऱ्याला कळू दे. हात भरून यायचा, मनगट चोळत पुन्हा लिहायची. दाजी तिला न्यायला यायचे आणि आत न येता पायरीवर बसून राहायचे. चहा पाठवला तर मुकाट्यानं पिऊन कप विसळून ठेवायचे. जावयानं कप विसळलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या खेपेला निकाल पंच्याऐंशीच्या वर गेला. दाजी पेढे घेऊन आले, दारातच डबा उघडला, एक माझ्या हातावर ठेवला आणि एक स्वतः खाल्ला. बारावीचा पेढा. पण वर्षभर लिहिण्यात वेळ गेला आणि पुन्हा दिलेल्या एन्ट्रन्सचा नंबर खाली घसरला. नागपूर काही मिळालं नाही. मिळालं ते पार आसामातलं. मामी, कॉलेज तसंच मोठं आहे ना, म्हणून ऋतुजा मलाच समजावत होती. नागपूरहून पोर मनात आलं की रात्रीच्या गाडीत बसून सकाळी घरी आली असती. आता दिवाळीला येते, ती निम्मी सुट्टी गाडीतच जाते.

हल्ली दुकानात कुणी सल्ला विचारला की दाजी म्हणतात, आमच्या वहिनींना विचारा. त्यामुळे आष्टीची माणसं सोयाबीनची पिशवी खांद्यावर घेऊन माझ्या दारात उभी असतात. तेही एक नवीनच लचांड.

परवा दाजी आले होते, पोरीला स्टेशनवर सोडून. बाहेरच्या खोलीत गप्प बसून होते. मला ते काही बघवेना. मी स्वयंपाकघरातून मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "दाजी, चहा कोणता? साखरेचा, बिनसाखरेचा, आल्याचा, का यापैकी न्हाई?"

"तुम्ही द्याल तो," म्हणाले.

ज्या माणसानं एकदाचं गप्प बसावं म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते, त्यानं एकदा तरी 'यापैकी न्हाई' म्हणावं म्हणून मी हातात गाळणं घेऊन तशीच उभी राहिले.