दसऱ्याचं लिंबू

यंत्रालाही आत्मा असतो, आणि तो फक्त प्रेमाला ओ देतो. निदान शेजारच्या देशपांडेकाकांचं त्यांच्या मोटारसायकलबद्दल असं ठाम मत आहे. ती कित्येक वर्षं जिन्याखाली बंद पडून आहे. यंदा काकूंनी बजावलं, "दसऱ्याला सुरू झाली तर राहील, नाहीतर भंगारात!"

दसऱ्याला काकांनी तिला धुतलं, हार घातला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. पूजा झाली की गाडी त्या लिंबावरून न्यायची असते. काका किक मारत राहिले, गाडी ढिम्म.

"काका, जरा तिरकी करून बघा," मी म्हणालो.

तिरकीही करून झाली. मग टाकीवरून हात फिरवत ते हळूच म्हणाले, "असं काय करतेस गं?"

चालत्या गाडीशी माणसं अशी कधीच बोलत नाहीत, याचं मला नवल वाटलं.

काकूंनी ते ऐकलं. त्यांनी पदर खोचला. "बघत काय उभे राहिलात? ढकला!"

आम्ही ढकललं. लिंबू फुटलं.

"झाली सुरू," काकू म्हणाल्या आणि घरात गेल्या.

टाकीत पेट्रोल नव्हतं, हे संध्याकाळी लक्षात आलं.