मागचा डावा पाय

पुतळे करणं हा माझा धंदा. अंबडला एका शेडमध्ये माझी कार्यशाळा आहे. आजूबाजूला सगळी लेथ मशिनं, आणि मधे मी, मातीत हात घालून बसलेली. कामं येतात ती चौकातल्या पुतळ्यांची, नाहीतर शाळा-संस्थांच्या आवारातली. घरची माणसं फोटो घेऊन येतात आणि सांगतात, पोट जरा कमी करा, पाठ ताठ ठेवा. मी ठेवते. मोठ्या माणसांच्या पाठी ताठ करण्यात माझी वीसेक वर्षं गेली.

त्यामुळे पिंपळगाव बसवंतकडचे एक द्राक्षबागायतदार कुत्र्याचा पुतळा हवा म्हणून आले, तेव्हा मला आधी जरा हसूच आलं. साठीचे गृहस्थ, स्वतः टेम्पो चालवत आलेले. त्यांनी पिशवीतून चामड्याचा एक पट्टा काढून माझ्यापुढे ठेवला.

"मानेच्या मापाला लागंल म्हणून आणला," ते म्हणाले. "अकरा वर्षं होता, ताई. दिवाळीनंतर गेला. तेव्हापासून मंडळी धड जेवत नाय."

माझं हसू तिथेच थांबलं. खऱ्या मापाचा, ब्राँझचा, बागेच्या फाटकाशी उभा, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. उंची त्यांनी स्वतःच्या मांडीवर बोट ठेवून दाखवली. निघताना म्हणाले, "आणि चारी पायांवर ताठ करा. देखणा दिसला पायजे."

त्यांनी मोबाइलवर पंचवीस-तीस फोटो पाठवले. तांबूस अंग, काळं तोंड, एक कान अर्धा मुडपलेला. सगळे फोटो समोरून काढलेले होते, नाहीतर पोटाखाली कापलेले. मागचे पाय एकातही नीट दिसत नव्हते. मी फोन करून विचारलं, तर म्हणाले, "मागचे पाय काय, कुठल्याही कुत्र्यासारखेच."

मी लोखंडी सळयांचा सांगाडा उभा केला आणि त्यावर माती चढवली. तीन आठवड्यांत कुत्रा उभा राहिला. मला तो बरा वाटत होता. ते येऊन बघून गेले, खूश झाले, आता ओतून टाका म्हणाले.

"आधी वहिनींना दाखवू," मी म्हटलं. "मातीत आहे तोवर बदलता येतं. एकदा धातू ओतला की काही हाती राहत नाही."

"तिला एकदम तयार झाल्यावर दाखवू की."

ते बरंच टाळत होते. पण मला त्यांच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं, मला फक्त माझ्या कामाची काळजी होती. मीच हट्ट धरला. पुढच्या रविवारी ते बायकोला घेऊन आले.

बाई ठेंगण्या, कामाच्या हातांच्या. आत आल्या, मी ओलं फडकं काढलं, आणि त्या सरळ त्याच्या तोंडाशी गेल्या. मुडपलेल्या कानावरून बोट फिरवलं. डोळे भरून आले त्यांचे. मग त्या मागच्या बाजूला गेल्या आणि थबकल्या.

"हा आमचा नाय," त्या म्हणाल्या.

मी गडबडले. काय चुकलं विचारलं.

"पाय. मागचा डावा पाय त्यानं नऊ वर्षं भुईला टेकला नाय. तुम्हाला सांगितलं नाय का यांनी?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, सांगितलं नाय तुम्ही?"

ते खाली बघत होते. बाई मला सांगू लागल्या. कुत्रा दोन वर्षांचा असताना एका दूधवाल्याच्या मोटारसायकलखाली पाय सापडला. हाड वाकडं जुळलं. तेव्हापासून त्या दूधवाल्याकडून त्यांनी दूध घेतलं नव्हतं. दिसला की चार शब्द सुनवायच्या.

"दूधवाला नव्हता," ते मधेच म्हणाले.

शेजारच्या शेडमध्ये त्या दिवशी सुट्टी होती. फार शांत होतं.

"मी टेम्पो मागं घेत होतो. क्रेट भरलेले, मागचं दिसंना. तो चाकामागं झोपला होता. तू आतून पळत आलीस, मी बोललो कुणी मोटारसायकलवाल्यानं उडवला. दूधवाल्याचं नाव तू घेतलंस. मी गप बसलो."

मी आत जाऊन चहा ठेवावा का, असं मला झालं होतं.

"नऊ वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या," बाई म्हणाल्या. आवाज चढला होता. "त्याच्या लेकराबाळांपर्यंत गेले मी. आन् तुम्ही ऐकत बसायचे?"

त्यांनी होकाराची मान हलवली.

"आन् त्या मुक्याला तर ठाऊक होतं ना? तरी रोज तुमच्याच टेम्पोत चढून बसायचा."

"म्हणून तर चारी पायांवर हवा होता," ते म्हणाले, आणि तिथल्या लाकडी खोक्यावर बसून रडू लागले. मोठ्यानं, तोंड न झाकता.

बाई त्यांच्याजवळ गेल्या नाहीत. पदरानं स्वतःचा चेहरा पुसला आणि मला म्हणाल्या, "ताई, होता तसा करा."

नुसता पाय वाकवून भागणार नव्हतं. तीन पायांवर उभ्या जनावराचा सगळा भार सरकतो. कंबर एका अंगाला कलते, पुढचा खांदा वर येतो. मी मागची अर्धी माती उतरवली, सळई कापली, नव्यानं जोडली. त्या पायाचा फोटो नव्हताच. मग ते दर दोन दिवसांनी येऊ लागले, एकटे. जखम त्यांनीच दोन महिने धुतली होती, पट्टी त्यांनीच बांधली होती. कुठलं हाड कुठे वळलं ते त्यांच्या बोटांना पाठ होतं. जिथे हाड जुळून गाठ आली होती तिथे मला काही केल्या जमेना, तेव्हा मी त्यांनाच मातीचा गोळा दिला. त्यांनी तो लावला, अंगठ्यानं दाबला, डोळे मिटून चाचपला. "हां," म्हणाले. ती गाठ मी तशीच ठेवली. त्यावर त्यांच्या अंगठ्याच्या रेषाही राहिल्या.

दूधवाल्याचं मी एकदा विचारलं. बाई त्याच्या घरी जाऊन आल्या होत्या, नवऱ्याला पुढे घालून. "तो हसला," ते म्हणाले. "बोलला, मला वाटायचं वहिनींचा सभावच तसा हाय."

ओतकामाच्या दिवशी मला धाकधूक होती. अधांतरी धरलेला बारीक पाय, धातू तिथवर पोचेल की नाही याची खात्री नसते. साचा फोडला तेव्हा पाय नखांसकट आला होता. घासून, तापवून पुतळ्यावर तांबूस रंग चढवला आणि आम्ही तो टेम्पोत आडवा घातला.

बागेत त्या वेळी छाटणी चालू होती. मजूर बाया हातातली कामं टाकून आल्या. एक जण म्हणाली, "अगं बाई, हा तर लंगडतोय," आणि एकदम गप्प झाली. फाटकाशी सिमेंटचा ओटा तयार होता, त्यावर आम्ही त्याला उभा केला. बाईंनी त्याच्या पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवला, मग त्या पायाची गाठ मुठीत धरली.

"गार हाय हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"दुपारी तापंल," ते म्हणाले, आणि दोघं तिथेच ओट्याच्या कडेला बसली.