रेझिस्टन्स चांगला हाय!

लॅबमध्ये कुणी किस्से सांगायला येत नाही, तपासणीची बाटली द्यायला येतं! पण कोल्हापुरातल्या आमच्या लॅबमध्ये बाटलीबरोबर बोलणंही यायचं. बाटल्या फेकल्या, बोलणी साठत गेली.

*

नव्वदच्या दशकाचा शेवट. काही जंतू एक एन्झाइम तयार करतात आणि अँटिबायोटिकचेच तुकडे करतात, हे आमच्या मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडम जंतू वाढवायच्या प्लेटा धुणाऱ्या अप्पांना समजावत होत्या.

अप्पा म्हणाले, "म्हंजे आपण औषध सोडायचं आन् त्यानं वाटंतच कातरायचं? लईच बेरकी हाय की!"

त्या दिवसापासून असल्या जंतूचं नाव पडलं 'कातऱ्या'. एकदा घाईत मॅडमच एका सर्जनना फोनवर बोलून गेल्या, "सर, तुमच्या पेशंटमध्ये कातऱ्या सापडला!"

"शक्यच नाही! सगळ्या कात्र्या मोजून घेतल्यात मी!"

*

औषध कंपनीचा एक एमआर छाती फुगवून सांगायचा, "आमच्या औषधापुढं एक जंतू टिकत नाही!" मॅडमनी त्याच्या औषधात भिजवलेली कागदी चकती कातऱ्याच्या प्लेटवर ठेवली. दुसऱ्या दिवशी चकतीला खेटून जंतू मजेत वाढलेले.

एमआरनं बराच वेळ निरखून पाहिलं. "मॅडम, चकती उलटी ठेवली असंल!"

*

राधानगरीच्या एका पेशंटला मॅडमनी विचारलं, "गोळ्यांचा कोर्स पुरा केला का?"

"दोन गोळ्यांत उतार पडला. उरलेल्या मेव्हण्याला दिल्या. पावणं हाय, न्हाय कसं म्हणायचं?"

*

मुरगूडच्या एका काकींच्या लघवीत हाच कातऱ्या निघाला. ताप हटेना. काका रिपोर्ट घेऊन गेले ते तिसऱ्या दिवशी पेढे घेऊनच आले!

"एक सोडून सगळ्या औषधांपुढं रेझिस्टन्स लिवलंय. हिची रेझिस्टन्स पावर एवढी चांगली हाय म्हटल्यावर इंजेक्शनं बंद केली."

मॅडम ओरडल्या, "अहो, रेझिस्टन्स जंतूचा चांगला आहे, काकींचा नाही! आधी त्यांना घेऊन या!"

संध्याकाळी काकी ॲडमिट झाल्या. ग्लानीत होत्या. दोन दिवस आम्ही सगळे दवाखान्यात फोन करत होतो. औषध बदललं, ताप उतरला, तेव्हा कुठं मॅडम पोटभर जेवल्या.

पुढच्या तपासणीत प्लेटवर एकही जंतू वाढला नाही. मी आनंदानं रिपोर्टवर टाइप केलं, 'नो ग्रोथ'.

काका आले, बरोबर ठणठणीत काकी. या खेपेला शहाणे झालेल्या काकांनी पेढ्यांचा पुडा पिशवीतच ठेवला आणि आधी रिपोर्ट वाचला. चेहरा पडला.

"एवढी इंजेक्शनं दिली मॅडम, आन् ग्रोथ न्हायच?"