एक घर कमी

आमच्या भागाची जनगणना करतात त्या शाळेतल्या बाई. सगळे त्यांना मोजणीबाईच म्हणतात. तीन जनगणना केल्या, पण एका फॉर्मवर खाडाखोड नाही. रडगाणं मात्र एकच: "दर खेपेला माणसं घटतात आणि घरं वाढतात! पोरं नोकरीला जातात, आणि मागे राहिलेले वेगळ्या चुली मांडतात."

हा टोमणा आम्हाला होता. आई आणि काकू, दोघी जावा, दोघी विधवा, एका भिंतीच्या अल्याड-पल्याड. नऊ वर्षं अबोला. कारण काय, तर इस्त्री कोणी जाळली! मला परगावी नोकरी लागली होती, हजर व्हायला दहा दिवस उरले होते. आई एकटीच जेवायला बसणार, या विचाराने माझा पाय निघत नव्हता.

मोजणीचा नियम साधा: एक स्वयंपाकघर, एक कुटुंब. बाईंनी दोन्हीकडे चहा घेतला, फॉर्म भरला आणि अंगणात वाचून दाखवला, "कुटुंब एक, माणसं तीन."

"डोळे फुटले का हो? चुली दोन आहेत!" आई कडाडली.

काकूही धावत आली. "यांच्यासोबत माझं नाव? काहीतरीच!"

नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघी एका बाजूने भांडत होत्या. मी हसू दाबत उभी.

बाईंनी कपाळावर हात मारला. "चुकलं माझं. पण खाडाखोड चालत नाही, नवा फॉर्म यायला आठवडा लागेल. तोवर साहेब तपासायला आले, तर एकच चूल दिसू दे. माझी नोकरी तुमच्या हातात."

दोघींचा नाइलाज झाला. पहिल्या दिवशी भांडी आपटत जेवल्या. तिसऱ्या दिवशी काकू पुटपुटली, "मीठ कमी आहे, ताई."

"मग तूच घाल ना!"

पाचव्या दिवशी त्याच इस्त्रीवरून दोघी इतक्या हसल्या, की आनंदाने मलाच रडू फुटलं.

आठव्या दिवशी बाई आल्या.

"कशाला कागद वाया घालवता?" काकू म्हणाली. "आहे तेच राहू द्या."

आई काकूला फक्त म्हणाली, "चहा टाक गं."

मी बाईंना सोडायला फाटकापर्यंत गेले. त्यांनी छत्री काढायला पिशवी उघडली, तर आत कोऱ्या फॉर्मांचा हा एवढा गठ्ठा! मी बघतच राहिले.

"परवा निघतेस ना?" बाईंनी पिशवी मिटली. "जा खुशाल. दर खेपेसारखं माणूस घटेल, पण या खेपेला घरही एक कमी झालंय."