परातीतला १४२८५७

परवा भोरच्या गिरणीत नाचणीच्या गरम पिठाचा वास आला आणि मला हिर्डोशीची आमची पडवी आठवली. त्या वर्षी ताईची सातवी झाली होती आणि आमचे वडील, आबा, तिला पुढं शिकवणार नव्हते. एका दुपारी तिनं परातीतल्या पिठात बोटानं आकडा लिहिला, १४२८५७.

"आबा, याला दोननं गुणा."

आबांनी पिठातच गुणाकार मांडला. उत्तर आलं २८५७१४. तीननं गुणल्यावर ४२८५७१. तेच सहा आकडे, फक्त जागा बदललेले.

"आरं तिच्या! ह्ये घर सोडून जातच न्हाईत की," आबा हसले.

"आता सातनं गुणा."

आबा वाकून गुणत राहिले. सगळे नऊच उमटले, ९९९९९९. त्यांचं हसू थांबलं.

"कुणी शिकवलं गं ह्ये?"

"कुणी न्हाई. माझं मीच करून बघितलं."

आबांनी बोटांचं पीठ झटकलं. मग आईला म्हणाले, "हिला भोरच्या शाळंत घालू."

मी टाळ्या पिटल्या, कारण मला ती जादूच वाटली होती. ताई रडली नव्हती, तिनं हट्टही केला नव्हता. त्या आकड्यांतून तिनं आपलं पुढचं सगळं आयुष्य आबांकडे मागितलं होतं, हे मला आत्ता, या वयात कळतंय.