बाराव्या मुलाची चिठ्ठी

आमच्या चर्चमधल्या मुलांच्या गटाचं काम माझ्या गळ्यात कसं पडलं, हे मला अजून कळलेलं नाही. मी गॅरेजवाला, त्यातून तापट. कोणी दहाचा पाना मागितल्यावर बाराचा हातात दिला की माझं डोकं फिरतं. पाळकसाहेब म्हणाले, "मुलं तुमचं ऐकतात." ऐकतात कसली, घाबरतात.

गटात एक रीत आहे. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला, की प्रत्येक मुलगा चिठ्ठीवर आपलं नाव आणि एक मागणी लिहून नानकटाईच्या रिकाम्या डब्यात टाकतो. मग प्रत्येकाने एकेक चिठ्ठी उचलायची आणि ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी रोज गुपचूप प्रार्थना करायची. ईस्टरच्या पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर उपासना झाली, की उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. एवढंच. पण त्या वेळी आडदांड पोरंसुद्धा डोळे पुसतात, मी पाहिलंय.

त्या वर्षी अकरा मुलांनी चिठ्ठ्या उचलल्या आणि पुढच्या रविवारी बारावा आला. त्यांचं बिऱ्हाड नुकतंच चिपळूणहून इकडे आलेलं. आठवीतला, किडकिडीत, बोलणं मोजून मापून. रीत समजल्यावर त्यानेही कागद मागून घेतला, कोपऱ्यात बसून लिहिलं, आणि डबा रिकामा बघून माझ्याकडे आला.

"अंकल, माझी कोण घेणार?"

"मी घेतो की. काळजी सोड."

त्यात लिहिलं होतं, आईच्या पोटात गाठ आहे. ईस्टरनंतरच्या मंगळवारी ऑपरेशन. मला खूप भीती वाटते.

वाचून मला गलबलून आलं. चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी शर्ट धुवायला गेला. त्यात शिमगा आला, मुंबईहून गावी आलेल्यांच्या गाड्यांनी गॅरेज भरून गेलं, आणि मी तो पोरगा, त्याची आई, सगळं साफ विसरलो. दर रविवारी तो समोर बसायचा, तरीही. उलट एकदा पाठांतर चुकलं म्हणून मी त्याला सगळ्यांदेखत झापलं.

ईस्टरच्या पहाटे शेवटचं गीत संपलं. मुलं उठली, जो तो आपापल्या मुलाकडे गेला. हा एकटा वाळूत बसून राहिला आणि माझ्याकडे बघू लागला. तेव्हा मला आठवलं. 

हात ठेवून गप्प राहणं सोपं होतं. कोणाला कळणार होतं? मी गेलो, खांद्यावर हात ठेवला. त्याने मान वर करून विचारलं, "रोज केलीत ना, अंकल?"

गिऱ्हाइकाला 'उद्या देतो' सांगून चार-चार दिवस फिरवणारा माणूस मी. पण त्या तोंडाकडे बघून थाप मारायला जीभ वळेना.

"नाही रे," मी म्हणालो. "चिठ्ठी धुण्यात गेली आणि मी विसरलो. एकदाही केली नाही." स्वतःचीच इतकी चीड आली, की हात काढून घ्यायचीसुद्धा लाज वाटली.

तो बोटाने वाळू उकरू लागला. डोळे भरले होते, पण रडला नाही. मग म्हणाला, "मला पण कोणाची चिठ्ठी मिळाली नव्हती. म्हणून मी तुमच्यासाठी करत होतो."

"माझ्यासाठी? काय मागितलंस?"

"तुमचा राग कमी होऊ दे."

मला हसावं की रडावं कळेना. तो मात्र हसला नाही. "ऑपरेशन परवा आहे," तो म्हणाला. "अजून दोन दिवस आहेत, अंकल."

मी तिथेच ओल्या वाळूत गुडघे टेकले आणि त्याला आईचं नाव विचारलं. तेवढंही मला माहीत नव्हतं.

आई बरी होऊन घरी आली. आता रविवारी माझ्या मागच्याच बाकावर बसते. पोरगा अजून रोज माझ्या रागासाठी प्रार्थना करतो, असं तीच एकदा सांगत होती. करू दे. गरज आहे.