बावीस नंबर उठताना कुठे बघतो

सिंगापूरच्या सेम्बावांग भागात अकराव्या मजल्यावर, जिथून जुन्या गोदीच्या क्रेन खेळण्यातल्यासारख्या दिसतात, तिथे निशिकांत राहतो. मूळचा कराडकडचा. पुण्यात शिकला, सिंगापूरला आला आणि एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळता सांभाळता पन्नाशीला टेकला. ऑफिसात आख्खी सिस्टीम झोपली तरी या माणसाच्या कपाळावर आठी येत नाही. पण मे महिन्यातल्या त्या रविवारी सकाळपासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. कारण ऐकाल तर हसाल. अमेरिकेतल्या दोन पोरांपैकी कुठलं आपल्या संघात घ्यायचं, एवढंच त्याला ठरवायचं होतं.

संघ तरी कसला? फोनमधला. त्याचा एकुलता एक मुलगा अनिश ओहायोला शिकायला गेला आणि तिथल्या फुटबॉलच्या नादाला लागला. चिलखतासारखा पोशाख चढवून, चेंडू छातीशी धरून एकमेकांवर आदळतात, तो फुटबॉल. अनिशच्या मित्रांनी लीग काढली. खऱ्या खेळाडूंमधून ज्याने त्याने आपला संघ निवडायचा. ते मैदानात जे कमावतील ते गुण आपले. एक भिडू कमी पडला, तेव्हा अनिशने बापाला ओढलं.

त्याआधी या घरातला फोन म्हणजे ‘जेवलास का?’, ‘हो’, ‘बरं’. मग इकडच्या पंख्याचा आवाज तिकडे आणि तिकडच्या शांततेचा इकडे. लीग आली आणि बांध फुटल्यासारखं झालं. दर रविवारी सकाळी अनिश तास तास बोलायचा. कोणाचा गुडघा दुखावला, कोणाचा कोच मूर्ख. निशिकांतला निम्मं कळत नसे. तो आवाज ऐकत बसे.

पण लीगचा एक नियम होता. लागोपाठ दोन हंगाम तळाला राहील तो बाहेर. आणि गेल्या हंगामात तळाला होता निशिकांत.

“बाबा, रूल इज रूल लाह,” अनिश शेवटी सिंगापुरी ‘लाह’ जोडत म्हणाला होता. हसत म्हणाला होता, तेच निशिकांतला बोचत होतं.

तळाच्याला एक सवलत असते. एप्रिलअखेरीस व्यावसायिक संघ कॉलेजातली नवी पोरं उचलतात. त्या नवख्यांमधून पहिली निवड तळाच्याची. निशिकांतने महिनाभर पहाटे उठून व्हिडिओ पाहिले होते. सगळे जाणकार पाठीवर बावीस नंबर असलेल्या पोराचं नाव घेत होते. चेंडू घेऊन पळणारा, मांड्या खांबासारख्या, आणि ज्या संघाने त्याला उचललं तिथे त्याच्या जागेवर दुसरा कोणी धड उरला नव्हता. दुसरा सतरा नंबर. लांबून आलेला चेंडू असा झेलायचा की जणू झाडावरून पान उतरतंय. पण त्याच्या संघात त्याच्यापुढे दोन जुने उभे.

निशिकांतची बघायची रीत वेगळी होती. लहानपणी गावच्या कुस्तीच्या मैदानात तो कडेला बसायचा, आणि त्याचे काका सांगायचे, जिंकलेल्याकडे सगळेच बघतात, तू पडलेला कसा उठतो ते बघ. सतरा नंबर पडला की कपडे झटकून उठे. बावीस नंबर पडला की गुडघ्यावर येई, आणि उभा राहण्याआधी मान वळवून प्रेक्षकांकडे बघे. दर वेळी. कोणाला तरी शोधल्यासारखा. ती नजर पाहिली की निशिकांत व्हिडिओ थांबवे. असलं पोर मोडतं, त्याला वाटे. मोडलं तर हंगाम गेला, आणि हंगामाबरोबर रविवार गेला.

निवडीची मुदत रविवारी संध्याकाळी सातपर्यंत होती. नंतर फोनच आपोआप कोणाला तरी निवडणार. आणि त्या दिवशी होती अमावास्या.

निशिकांत एरवी असलं फारसं पाळत नसे. पण भ्यालेला माणूस हाताला लागेल ते धरतो. भिंतीवर सासऱ्यांनी पाठवलेलं कॅलेंडर होतं. अमावास्या सहाला संपत होती. सहानंतर तासभर मोकळा. तेवढ्या आधारावर त्याने दिवस ढकलला.

साडेपाचला त्याची बायको सुमेधा चहा घेऊन आली. कॅलेंडर बघत उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, “अहो, ते तिकडचं आहे. सहा वाजता संपते ती भारतात. आपल्याकडे साडेआठ.”

निशिकांतने चहा तसाच खाली ठेवला.

“साडेआठ?”

“इतकी वर्षं मी उपास याच कॅलेंडरवरून करते ना? अडीच तास पुढे धरावे लागतात.” ती हसली. मग त्याचा चेहरा पाहून हसू आवरलं. “खेळ आहे हो तो.”

“खेळ नाही,” तो म्हणाला. पुढचं त्याला सांगता आलं नाही.

खाली मुलांच्या सायकलींच्या घंटा वाजत होत्या. घड्याळ सरकत होतं. बोट सतरावर जाई आणि थांबे. बावीसवर जाई आणि मागे येई. सात वाजायला थोडा वेळ उरला, तेव्हा त्याने कधी केलं नव्हतं ते केलं. पोराला अवेळी फोन लावला. बारा तासांचं अंतर; घड्याळाचे काटे तिकडेही त्याच जागी असतात, फक्त इथली संध्याकाळ तिकडची सकाळ.

“बाबा?” अनिशचा आवाज फाटलेला होता. “काय झालं? आई ओके आहे ना?”

“आहे. सगळं ठीक आहे.”

“मग एवढ्या लवकर कशाला? माझा जीव गेला ना! आय थॉट समबडी डाइड.”

हे पोर आपल्यासाठी घाबरलं, हे निशिकांतला उशिरा कळलं. “निवड राहिलीय,” तो पुटपुटला.

“सीरियसली? बावीस घे लाह. एव्हरीबडी नोज.”

“तो उठताना लोकांत बघतो. कोणाला तरी शोधतो. मला भीती वाटते त्याची.”

मग अनिश हळू बोलला. “स्विमिंग मीटला मीपण बघायचो. पूलमधून वर आलो की. तू ऑफिसात असायचास. आय स्टिल स्वॅम, बाबा.”

निशिकांतने स्पीकर लावून फोन समोर धरला.

“दोन मिनिटं आहेत,” अनिश म्हणाला. “कोण?”

अमावास्या होती. त्याने बावीस नंबरवर बोट ठेवलं आणि दाबलं.

“झालं?”

“झालं.”

आणि मग त्याला खरी भीती वाटली. निवड झाली होती. विषय संपला होता. आता पोरगा ‘बाय’ म्हणेल. तो फोन पुन्हा कानाशी घट्ट धरून वाट बघत राहिला. पंखा फिरत होता. सुमेधा स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती.

पलीकडे अंथरुणाची सळसळ झाली. जांभई आली.

“बाबा,” अनिश म्हणाला, “तू जेवलास का?”

“नाही रे,” निशिकांत म्हणाला. “सकाळपासून नाही.”

“का?”

निशिकांत खुर्चीत बसला, आणि सांगायला लागला.